वाटूरची माय

"मी वाटूरची. भुजंगची माय," झुंबरबाई दारातूनच म्हणाली, आणि बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडलेला पुंजाराम ताडकन उठून बसला.

गिरिजाबाईच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. तिचा हा लेक अठ्ठ्याऐंशी साली श्रीलंकेतल्या लढाईतून घरी आला. डोक्याची जखम भरली, पण घर, गाव, नाव, सगळं त्या जखमेतून वाहून गेलं होतं. पुंजाराम म्हणून हाक मारली तर तो वळूनसुद्धा बघायचा नाही. आईला 'अहो बाई' म्हणायचा.

भुजंग त्याच्याच तुकडीतला. दोघं जालन्याकडचे, म्हणून पहाऱ्यावर घरच्या गोष्टी काढून बसायचे. सुरुंग फुटला तेव्हाही शेजारीच होते. भुजंग तिथंच गेला. लेकाचं शेवटचं काही कानावर पडेल म्हणून झुंबरबाई एसट्या बदलत भोकरदनला आली होती.

"माय, लई उशीर केलास," पुंजाराम म्हणाला. "चांदी व्याली का?"

चांदी झुंबरबाईची म्हैस. भुजंग शेवटचा सुट्टीवर आला तेव्हा गाभण होती.

"आन् आंब्याखालच्या हिरीला पानी हाये ना?"

"मी न्हाई रे बाबा तुही माय," ती कशीबशी म्हणाली. "तुही माय ती..."

"व्हय म्हना, अक्का," गिरिजाबाईनं तिला मधेच अडवलं. "हात जोडते. आल्यापासून आज पयल्यांदा आपल्या मनानं बोलून राह्यला त्यो."

झुंबरबाई पुंजारामकडं वळली. "व्याली बाबा. पारडी झाली."

पुंजाराम हसला. हाताला धरून त्यानं तिला बाजेवर बसवलं आणि गिरिजाबाईकडं बोट केलं.

"माय, ह्या बाई लई भल्या हायेत. कोन कुठल्या, पर मला पोटच्या लेकरावानी सांभाळून राह्यल्यात."

झुंबरबाईची मान वर होईना. गिरिजाबाई आत गेली, पिठलं-भाकरीचं ताट घेऊन आली आणि ते पाहुणीच्या हातात दिलं.

"तुमी वाढा, अक्का. तुमच्या हातचं पोटभर खाईल."

पुंजारामनं भाकरी उचलली. आधी वरचा पापुद्रा सोलला, त्याची सुरळी करून तोंडात टाकली, मग उरलेली भाकरी मोडली. अंगावरचं दूध सुटल्यापासून तो भाकरी अशीच खायचा.

"माहा भुजंग आसा न्हाई खायचा," झुंबरबाई पुटपुटली, आणि तिला रडू फुटलं.

गिरिजाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिची नजर मात्र लेकाच्या बोटांवरून हलत नव्हती.