मुद्दाम चुकवलेला मफलर

हफसाने सातवा टाका मुद्दाम उलट विणला, आठवा सुईवरून सोडून दिला आणि मफलर हबीबाखालाच्या मांडीवर ठेवला.

"बरोबर आहे ना, खाला?"

खालाने चष्मा वर सरकवला. "या अल्ला. हा मफलर हाय की मासे पकडायचं जाळं?"

"मग तूच नीट कर ना."

खालाचा डावा हात मांडीवर पडून होता. लकवा येऊन गेल्यापासून तो असाच. दवाखान्याच्या कागदावर लिहिलं होतं, सहा आठवडे व्यायाम, नाहीतर बोटं आखडतील. पाच आठवडे संपले होते. आधी खाला शेअर रिक्षाने धामणकर नाक्यावर फिजिओकडे जायची, तीही एकटी, कुणाला सोबत येऊ द्यायची नाही. पंधरा दिवसांपूर्वी तिने जाणंच बंद केलं. अम्मी रडली, मुदस्सिरभाई ओरडला, व्यायामाचा रबरी चेंडू कपाटाखाली गेला. खाला ढिम्म.

तेव्हा हफसाला ही आयडिया सुचली. अर्ध्या मोहल्ल्याला विणकाम शिकवलेली बाई चुकलेला टाका बघून गप्प बसेल का?

नाही बसली. उजव्या हाताने डावा हात उचलून तिने लोकरीवर ठेवला आणि सुया ओढून घेतल्या. "पण मी इथे उसवत बसणार आणि तू मोबाइल बघणार, असं न्हाय चालायचं. काहीतरी वाच. मोठ्याने."

मोठ्याने वाचायचं म्हणजे हफसाला संकटच. वर्गात वाचायची पाळी आली की ती पाणी प्यायला जायची. अख्ख्या नववीत एवढं पाणी कुणी पीत नसेल. 'क' आणि 'प' आले की तिची जीभ अडायची, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी तोच 'क' दहा वेळा म्हणून दाखवायचं.

पण हात जास्त महत्त्वाचा होता. शिवाय खालच्या मजल्यावर कापड विणायचे लूम चालू होते. त्या खटखटाटात फक्त खालालाच ऐकू येणार होतं.

सोमवारी शाळेच्या लायब्ररीतलं सापांचं पुस्तक झालं. हफसाचा शब्द अडला की खाला म्हणायची, "थांब गो, टाका निसटला." हफसा थांबायची. टाका सापडेपर्यंत शब्दही सापडायचा.

मंगळवारी तिने एका ओळीत तीन टाके जास्तीचे घातले. मफलरला मधेच पोट सुटलं.

"एवढी मोठी चूक कुणाच्या हातून होते गो?" खाला म्हणाली.

हफसाने पुस्तकात तोंड खुपसलं.

"आणि भिवंडीत मफलर घालणार कोण?"

"मुदस्सिरभाई. लग्नाचा विषय निघाला की तो गारठतो ना."

खाला हसली आणि हसताना तिची करंगळी हलली. हफसाने ते पाहिलं. त्या दिवशी आनंदाने तिला जेवणच गेलं नाही.

आता तिला एका जागी बसवेना. गणिताच्या तासाला ती बाकाखाली बोटांवर दिवस मोजायची आणि उद्याची चूक ठरवायची. सोपी चूक खाला दोन मिनिटांत उसवणार. फार अवघड झाली तर सोडूनच देणार.

बुधवारी तेच झालं. खालाने सुया बाजूला टाकल्या. "न्हाय जमत. राहू दे तो हात तसाच."

पुस्तक मिटून हफसा म्हणाली, "ठीक आहे. मग मी पण वाचत नाही."

आजचं पुस्तक गोष्टीचं होतं, आणि त्यातली मुलगी वादळात होडीत एकटीच होती. खालाने मिटलेल्या पुस्तकाकडे मान वळवली.

"बुडली का ती?"

"विणशील तर कळेल."

"लई आगाऊ झालीस," खाला म्हणाली आणि सुया उचलल्या.

शुक्रवारी लूम बंद. घर इतकं शांत, की नळाचं ठिबकणंसुद्धा ऐकू येत होतं. बाहेर गॅलरीत शेजारची अक्सा कपडे वाळत घालत होती.

"आज माझा घसा दुखतोय," हफसा म्हणाली.

खालाने डावा हात पुढे केला. "धरून बघ. एक दिवस खाडा झाला की बोटं परत कडक होतील. तुझी मर्जी."

हफसाने पुस्तक उघडलं. पहिलाच शब्द 'पाणी'. "प… प…" गॅलरीतला कपडे झटकल्याचा आवाज थांबला. हफसाचे कान तापले.

"थांब," खाला मोठ्याने म्हणाली, "टाका निसटला माझा." कितीतरी वेळ ती सुईत डोकावत राहिली. "हां. आता वाच."

हफसा वाचत गेली. होडी किनाऱ्याला लागली तेव्हा मान वर केली, तर दारात अक्सा उभी, खांद्यावर ओला दुपट्टा. "संपली? अजून वाच ना."

शनिवारी बोटं जराशी वळली. रविवारी खालाने दोन्ही हातांनी अख्खी ओळ विणली, एकही टाका न चुकता. अम्मीने शिरा केला.

सोमवारी शाळा सुटल्यावर हफसा घरी न जाता थेट धामणकर नाक्यावर गेली. फिजिओ क्षितिजाताई एका काकांचा गुडघा वाकवत होत्या. हफसाने त्यांना सगळं सांगून टाकलं: हात, मफलर, साप, वादळ, मुद्दाम केलेल्या चुका. एका दमात. काका गुडघा विसरून ऐकत बसले.

"हबीबा शेख?" क्षितिजाताई म्हणाल्या. "त्यांचा हात तर तीन आठवड्यांपूर्वीच मोकळा झाला. इथे, माझ्यासमोर, त्यांनी बाळाचा मोजा विणून दाखवला. मीच म्हटलं, आता यायची गरज नाही."

"मग घरी का नाही सांगितलं तिने?"

"मीही तेच विचारलं." क्षितिजाताईंनी काकांचा गुडघा खाली ठेवला. "म्हणाल्या, घरात माझी भाची अडखळते. ती घडाघडा वाचायला लागेपर्यंत हा हात आजारीच राहू दे."