परक्याचा वेल

"चार गड्यांना उचलणार नाही असं कोनफळ पिकवून आण, आणि मग माझ्या क्लाराचं नाव काढ," दमियान म्हणाला.

वेल्सन पायरीशी खाली मान घालून उभा होता. पोरगा पिंगेलापचा, वाळूच्या बेटावर जन्मलेला. त्या लोकांना मासे आणि अळकुड्या यांपलीकडे काही कळत नाही, असं पोनपेच्या डोंगराळ बेटावर सगळेच म्हणत.

"तुम्ही शिकवाल का, काका?"

"कोनफळ शिकवून येत नसतं, हातात असावं लागतं. तुझ्या हातात गळ आहे, तोच धर."

क्लारा आत भांडी घासत होती. बायको गेल्यापासून घरात बाप-लेक दोघंच. पोरगी पिंगेलापला गेली तर आपल्याशी बोलायला परसातल्या केळीच उरतील, ही दमियानची खरी धास्ती होती. ती त्याने कोणापाशी बोलून दाखवली नाही.

लावणीचे दिवस आले. परसात मिरीचे वेल, आलं, केळी असं सगळं होतं. पण सरदारांच्या वार्षिक मेजवानीत मिरवायचं कोनफळ दूर डोंगरात, गुपचूप लावायचं ही बेटाची रीत. वाटेत दुसऱ्याचा वेल दिसला तर मान वळवून पुढे जायचं. परक्याचं कोनफळ न्याहाळताना कोणी सापडला तर त्याला जन्मभर तोंड लपवावं लागे.

"कुठे निघालात, बाबा?" क्लारा सकाळी विचारायची.

"खेकडे पकडायला."

"डोंगरावर?"

"तिथले गोड असतात."

ती हसून उकडलेल्या केळ्यांची पुरचुंडी हातात द्यायची.

ओढा ओलांडल्यावर एके दिवशी त्याला एक नवा वेल दिसला. त्याने लगेच मान वळवली, पण दिसायचं ते दिसलंच होतं. वेल झाडाभोवती उलटा गुंडाळला होता. कोनफळाचा वेल कुठल्या बाजूने वळतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

पलीकडचा उतार पेर्नार्दोचा. मेजवानीत दरवर्षी दमियानशी चुरस करणारा हाच तो पेर्नार्दो. गेल्या वर्षापासून त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

"म्हाताऱ्याला दिसेनासं झालं की काय," दमियान पुटपुटला. त्याला वाईट वाटलं. जिंकायचं तर दिसणाऱ्या माणसाशी, आंधळ्याला हरवण्यात काय मजा!

त्याचे हात शिवशिवायला लागले. त्याने इकडेतिकडे पाहिलं, वेल सोडवला आणि नीट वळवून दिला. मग आळीमिळी गुपचिळी करून घरी आला.

पुढच्या खेपेला तिथे तण माजलं होतं. त्यानंतर आळ्यात पाणी तुंबलं होतं. विलायती फणसांचा हंगाम आला, घरोघरी फणस भाजल्याचा वास सुटला, तेव्हा आधाराचा बांबू कलला होता. दर वेळी काही ना काही बिनसलेलं असायचं आणि दमियान ते निस्तरायचा. आपल्या आळ्यासाठी नेलेला पालापाचोळा बराचसा तिथेच रिकामा व्हायचा. माती चढवताना कोनफळाचं माथं हाताला लागायचं. ते चांगलंच रुंद झालं होतं, आणि त्याला दोन शेंडे होते. कोणाला कळणार नाही असं काहीतरी चांगलं आपण करतोय, या सुखात तो वाटभर गुणगुणत यायचा.

एका संध्याकाळी सकाऊच्या मुळांचा गुंगी आणणारा रस प्यायला सगळे जमले, तेव्हा पेर्नार्दो शेजारीच बसला होता.

"डोळे काय म्हणतात?" दमियानने विचारलं.

"आहेत आपले नावाला. तू का हसतोस रे?"

"उगाच."

पानं पिवळी पडली, काढणी सुरू झाली. दमियान ओढ्यापलीकडे गेला तर आळं रिकामं होतं. माती नीट सारखी केलेली होती. तो तिथेच बसून समाधानाने केळी खात राहिला. म्हाताऱ्याची अब्रू राहिली, असं त्याला वाटलं.

मेजवानीच्या दिवशी थोरले सरदार सभाघरात येऊन बसले. दमियानचं कोनफळ चार गड्यांनी आणलं. पेर्नार्दोचं दोघांनी सहज आणून ठेवलं. दमियान गोंधळला.

इतक्यात बाहेर गलका झाला. आठ गडी घामाघूम होऊन एक कोनफळ आत आणत होते आणि पुढे वेल्सन चालत होता. दमियानची नजर माथ्यावर गेली. दोन शेंडे.

"कोणाचं रे एवढं?" पेर्नार्दोने डोळे बारीक करून विचारलं.

"दमियानच्या होणाऱ्या जावयाचं!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

"हे तर..." दमियान उठला. सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

काय सांगणार? वर्षभर आपण परक्याच्या वेलाशी जाऊन बसत होतो, हे? तो खाली बसला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार होता.

"अगदीच लहान आहे, काका, लाज वाटते," वेल्सन रीतीप्रमाणे म्हणाला. "पुढल्या वर्षी तुमच्याच परसामागे लावीन म्हणतो."

"कुठे लावणार ते चारचौघांत सांगतात का, गाढवा!" दमियान ओरडला आणि सगळं सभाघर खदखदून हसलं. पोरगा इथेच राहणार हे लक्षात आलं, तसं त्यालाही हसू आलं.

"दमियान, तू शब्द दिला होतास म्हणे?" सरदारांनी विचारलं.

"दिला होता. तो पाळतो."

तो पुन्हा पुन्हा त्या कोनफळाकडे बघत होता. एवढं मोठं त्याच्या हातून जन्मात पिकलं नव्हतं. अभिमानाने त्याचे डोळे भरून आले आणि ते कोणाला सांगायचीही सोय नव्हती. क्लारा शेजारी येऊन बसली.

"पोरगा मेहनती आहे," तो हळूच म्हणाला. "जरा धांदरट आहे, इतकंच. दर खेपेला काहीतरी चुकवूनच ठेवायचा..." आणि त्याने जीभ चावली.

क्लाराने त्याचा हात हातात घेतला.

"त्याला सगळं येतं, बाबा. कुठल्या खेपेला काय चुकवायचं, ते मी सांगायचे."