वेलदोडा

हैदराबादेत आबिड्सच्या इराणी हॉटेलात प्रल्हादराव बसले, की वेटर अक्रमभाई न विचारता चहाच्या बशीत एक सिगरेट ठेवायचे. सरकारनं त्यांचा कारखाना विकायला काढला, दर सोमवारी ऑफिसात स्वेच्छानिवृत्तीची नवी यादी लागू लागली, तशी गाडी दिवसाला एका सिगरेटीवरून सहावर गेली. चिक्कडपल्लीच्या घरी त्यांनी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. बसमधून उतरल्यावर वेलदोडा चघळला, की बायकोला काही कळत नाही, असा त्यांचा समज. आज बशीत सिगरेटीऐवजी उस्मानिया बिस्कीट आलं. प्रल्हादरावांनी वर पाहिलं. अक्रमभाई खांद्यावरच्या फडक्यानं पुसलेलंच टेबल पुसत राहिले. "भाभी आए थे, साब. चिक्कडपल्लीसे. अंदर नईं आए, दरवाजेमेंच ठैरे." "क्या बोले?" "मेरेकू नौकरी नक्को, आदमी होना, बोले." नोकरी नको, माणूस हवा. प्रल्हादरावांनी ते मनात मराठीत म्हणून पाहिलं. मग त्यांनी खिशातला वेलदोडा काढला, सोलला आणि सरळ चहात टाकला.