खड्ड्यातली वीट

कोल्हा पुन्हा खड्ड्यात पडला. खेळाची चाचणी घेणाऱ्या मुलीनं जीभ चावली आणि कंट्रोलर खाली ठेवला. सकाळपासूनची तिची ही एक्केचाळिसावी उडी होती. तिच्यामागे उभ्या असलेल्या हात्सुए नागिरांचं डोकं तापलं होतं. हा खड्डा तेहतीस वर्षांपूर्वी त्यांनीच काढला होता, आणि तो चुकला होता.

जुन्या खेळाची आठवण म्हणून नवा खेळ निघत होता. लाल मफलरवाला कोल्हा आता गुबगुबीत झाला होता. त्याची लव वाऱ्यावर हलायची, त्याच्या जंगलात लांबवर आत जाता यायचं. पण एका दगडी कमानीतून गेला की तो पुन्हा तेव्हाचा चौकोनी कोल्हा व्हायचा आणि तेव्हाच्याच सपाट जगात पळायचा. हे सपाट जग हुबेहूब उतरावं म्हणून ओसाकातल्या खेळ बनवणाऱ्या कंपनीनं जुना खेळ आखणाऱ्या, आता निवृत्त झालेल्या हात्सुएंना घरून बोलावून आणलं. हुबेहूबच उतरलं. चुकीसकट.

त्या काळी खेळाचे टप्पे आलेखाच्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी काढत. एक कागद संपला की त्याला दुसरा चिकटवायचा. तिसऱ्या टप्प्यातल्या खड्ड्यात, अगदी मधोमध, हात्सुएंनी पाय टेकायला एक वीट काढली होती. ती नेमकी दोन कागदांच्या जोडाखाली गेली. चौकोन मोजून यंत्रात आकडे भरणारा इमुरा चुणचुणीत होता. त्याला एक रांग कमी भरली, तेव्हा कुणाला न विचारता रिकामी रांग घालून तो मोकळा झाला. हे लक्षात आलं तोवर कॅसेटी दुकानांत पोचल्या होत्या. अगदी काठावरून, नेमक्या क्षणी उडी मारली तर खड्डा पार व्हायचा. शंभरात एखाद्याला ते जमायचं. बाकीच्या पोरांचा खेळ तिथेच संपायचा.

आणि पुढे चौथा टप्पा होता, समुद्राचा. तो काढण्यासाठी हात्सुए आठवडाभर वाकासाच्या किनाऱ्यावर बसून ओहोटी बघत होत्या. कोल्हा चालेल तसतसं पाणी मागे सरकायचं आणि वाळूतून वाट उघडी व्हायची. आयुष्यात इतकं चांगलं त्यांनी दुसरं काही काढलं नाही. पोरांची पत्रं पोत्यानं आली, सगळी खड्ड्याबद्दल. समुद्राबद्दल एकही आलं नाही. हे त्यांना इतकी वर्षं सलत होतं.

मागणी एवढीच होती, एक वीट. त्यासाठी त्यांनी तीनदा अर्ज फिरवला. चित्रवाल्यांनी शिक्का मारला, आवाजवाल्यांनी मारला, विक्रीवाल्यांनीसुद्धा मारला. दिग्दर्शक कुवाहाराचा रकाना तेवढा रिकामा राहायचा. पहिल्यांदा तो म्हणाला, विचार करू. या कंपनीत विचार करू म्हणजे नाही, हे तिथल्या झाडूवालीलाही ठाऊक होतं. दुसऱ्यांदा त्यानं भर बैठकीत सांगितलं की तो खड्डा म्हणजे या खेळाचा प्राण आहे, पोरांना चिकाटी शिकवायला नागिरा-सानांनी तो मुद्दाम तसा ठेवला. हात्सुए म्हणाल्या, चिकाटी नव्हे, चिकटवण्यातली गफलत होती ती. सगळे आदरानं हसले. एवढ्या थोर बाई, पण बघा, मोठेपणा मिरवत नाहीत. मोठ्या माणसानं आपल्या कामाला नावं ठेवायची आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या, ही तिथली रीतच. खरं बोलावं तर लोक त्याला विनय समजत होते. हात्सुएंना भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

खेळ दुसऱ्या दिवशी तबकड्यांवर छापायला जायचा होता, मग काही बदलता येणार नव्हतं. हात्सुए अर्ज घेऊन तडक कुवाहाराच्या टेबलापाशी गेल्या. तो उठून कमरेत वाकला. त्या वाकल्या नाहीत.

“हा विनय नाही, कुवाहारा-सान,” त्या म्हणाल्या. “माझा कागद, माझा डिंक, माझी चूक. एक वीट टाका आणि लोकांना समुद्र बघू द्या. का तुम्हाला माझा समुद्रच आवडत नाही?”

कुवाहारानं मदतनिसाला बाहेर पाठवलं आणि दार लावून घेतलं. एक्केचाळीस वर्षांचा, शंभर माणसांना कामाला लावणारा तो गडी, त्याचे कान शाळकरी पोरासारखे लाल झाले.

समुद्र मी बघितलेलाच नाही, असं त्यानं हळूच सांगितलं. लहानपणी त्याला खड्डा कधी पार करता आला नाही आणि त्याची कॅसेटही पुढे बंद पडली. आता चौथा टप्पा त्यानं दुसऱ्या दिग्दर्शकावर सोपवला होता. पडद्यावर तो लागला की कुवाहारा काहीतरी निमित्त काढून खोलीबाहेर जायचा. रोज सकाळी कुणी यायच्या आत दहा उड्या मारून बघायचा. लोकांना वाटायचं, साहेब किती लवकर येतात.

हात्सुएंचा आवाज चढला. मग तर वीट हवीच, त्या म्हणाल्या, उद्या सकाळी बघायला मिळेल.

“वीट असली की मी तिच्यावर पाय देणार,” कुवाहारा म्हणाला. “माझा माझ्यावर भरवसा नाही. मग समुद्र दिसेल, पण मी तिथं पोचलो असं मला कधीच म्हणता येणार नाही. आठव्या वर्षापासून तिथं जायचंय मला, नागिरा-सान.”

 हात्सुएंनी अर्जाची घडी घालून पर्समध्ये टाकली. त्यांच्या समुद्राची इतकी वाट बघणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होतं.