बिनफ्लोराइडची चार वर्षं

“हो की नाही, एवढंच सांग,” क्लॅरी हॅडो म्हणाला.

डेस किल्वर्ट ट्रकखालून सरपटत बाहेर आला. टायरच्या दुकानात पत्रा तापला होता. दारावर डेसचाच हसरा फोटो लटकत होता आणि खाली लिहिलं होतं, नगरपरिषदेसाठी डेस.

“तिसऱ्यांदा येतोयस तू, क्लॅरी. माझ्या बायकोनंही मला एक गोष्ट इतक्या वेळा विचारली नाही.”

“तिला उत्तर आधीच माहीत असतं.”

मुल्गा क्रॉसिंग या गावाच्या पाणीकेंद्रावर क्लॅरी एकटाच कामाला होता, एकतीस वर्षं. चार वर्षांपूर्वी नगरपरिषदेनं, दात किडू नयेत म्हणून पाण्यात घालतात ते फ्लोराइड बंद करायचा ठराव केला, चार विरुद्ध तीन. आता पुन्हा निवडणूक आली होती. ते परत सुरू व्हावं म्हणून क्लॅरी सुट्टीच्या दिवशी एकेका उमेदवाराचं दार वाजवत होता. जूनमध्ये तो निवृत्त होणार होता. त्याआधी हे व्हायलाच हवं, असं तो म्हणे. सात जागांपैकी सहांचं जवळजवळ ठरल्यासारखं होतं. तीन त्याच्या बाजूचे, तीन विरुद्ध. उरला डेस.

“माझ्या आईला तिच्या बापानं लग्नात काय दिलं, माहीत आहे?” क्लॅरी म्हणाला. “दात काढून दिले. सगळेच्या सगळे. एकोणीस वर्षांची होती. पुढे नवऱ्याला दातांच्या डॉक्टरचा भुर्दंड नको म्हणून. तेव्हा लोक याला चांगला आहेर म्हणायचे. लग्नाच्या एकाही फोटोत तिचं तोंड उघडं नाही.”

डेसनं हात पुसले. “वाईट झालं. पण आज काय आहे? शाळेत दात तपासायची गाडी येते, त्यातली नर्स म्हणते, आजूबाजूच्या सगळ्या गावांपेक्षा आपल्या पोरांचे दात चांगले. चार वर्षं फ्लोराइड नाही, तरीसुद्धा. मग घालायचं कशाला?”

क्लॅरीनं टोपी काढून तिच्यावरची पांढरी भुकटी झटकली आणि परत डोक्यावर ठेवली.

“मी आहे तोवर दातांना काही होणार नाही. पुढचं मला सांगता येत नाही.”

“म्हणजे, तू नजर ठेवून दात सांभाळतोस?”

तेवढ्यात नोलीन स्टब्ज आत आली. तीही उमेदवार होती, आणि मागच्या वेळी फ्लोराइड बंद करायला तिनंच गाव उठवलं होतं.

“याचं ऐकू नकोस, डेस. माझे गुडघे बघ. ते विष बंद झालं आणि तीन महिन्यांत काठी सुटली. माझे टोमॅटोसुद्धा गोड झाले.”

“टोमॅटोला दात नसतात, नोलीन,” क्लॅरी म्हणाला.

“तू चेष्टा कर. ठरावाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाचा पहिला घोट घेतला आणि मला कळलं. पाणी कसं हलकं लागलं.”

“लागलं असेल,” क्लॅरी म्हणाला, आणि निघाला.

पुढच्या आठवड्यात डेस स्वतःच पाणीकेंद्रावर आला. त्याच्या मुलीला मे महिन्यात बाळ होणार होतं, त्यामुळे दातांचा विचार त्याच्या डोक्यातून जाईना.

कोपऱ्यात ताडपत्रीखाली काहीतरी झाकलेलं होतं.

“हे काय?”

“तेच. फ्लोराइडचं यंत्र.”

“आणि ही गुणगुण कसली?”

“इथे सगळंच गुणगुणतं. क्लोरीनचा पंप, मोटर, मी.”

डेस हसला. “कोठारात भिंतभर पोती होती ना भुकटीची? परत पाठवणं परवडेना म्हणून ठेवलेली. ती आहेत अजून?”

“फार उरली नाहीत.”

“उंदीर?”

“उंदीर ते खात नाहीत.”

“मग ओल लागली असणार,” डेस म्हणाला. “हे बघ, क्लॅरी. आकडे तुझ्या विरुद्ध आहेत. नोलीनचे गुडघेही तुझ्या विरुद्ध आहेत. पण तू गावाशी कधी खोटं बोलला नाहीस. मला तेवढं पुरे. माझं मत हो.”

क्लॅरी खिडकीकडे वळला. बाहेर बघतच तो म्हणाला, “आभारी आहे.”

मार्चमधल्या एका शनिवारी शाळेच्या आवारात मतदान झालं. लोकांनी रांगेत उभं राहून पावात सॉसेज आणि परतलेला कांदा खाल्ला. डेस एकोणीस मतांनी निवडून आला. नोलीनही आली. मे महिन्यात ठराव मांडला गेला आणि मंजूर झाला, चार विरुद्ध तीन.

दुसऱ्या दिवशी नोलीन पोस्टात काठी टेकत आली. “बघा,” ती म्हणाली, “परत दुखायला लागले.”

“अगं, अजून सुरू कुठे झालंय? सोमवारी होणार,” पोस्टातली बाई म्हणाली.

“गुडघ्यांना आधी कळतं.”

त्याच आठवड्यात डेसला नात झाली. त्यानं क्लॅरीला फोन करून सांगितलं, “बोळकं आहे, पण जागा चांगली आहे.” क्लॅरी फोनवर इतका हसला की शेजारीण कुंपणापाशी येऊन विचारून गेली.

सोमवारी सकाळी दहा वाजता महापौर येणार होत्या. शाळेतली मुलं येणार होती, पेपरवाला फोटो काढणार होता. ताडपत्री बाजूला करून महापौर हिरवं बटण दाबतील आणि यंत्र सुरू होईल, असं ठरलं होतं.

क्लॅरी सहालाच आला. केंद्रात कुणी नव्हतं. त्यानं फरशी झाडली, मुलांसाठी बाक मांडले, खुर्च्या पुसल्या. मग ताडपत्रीचा कोपरा उचलून आत हात घातला, लाल बटण दाबलं, आणि दहा वाजता सुरू व्हायचं असलेलं ते यंत्र बंद केलं.