तांबडं पाणी

हौसाने झऱ्याखाली हंडा धरला आणि पाणी तांबडं आलं. गेल्या पावसाळ्यात डोंगर वाडीवर कोसळला, त्या सकाळीही झरा असाच तांबडा झाला होता. हंडा तिथंच टाकून ती घराकडे धावत सुटली.

मदत पथकाने त्याच डोंगराखाली सगळ्यांना पक्की घरं दिली होती, भांडीकुंडी दिली होती आणि दंडात एक इंजेक्शन दिलं होतं. त्यानंतर कुणी झोपेत किंचाळून उठलं नाही. माणसं ताठ मानेने कामाला लागली. हौसा तेव्हा पोटुशी होती, म्हणून तिचं इंजेक्शन तेवढं राहिलं.

"अवं, झरा तांबडा झालाय! उठा, पोरं घ्या!"

धावजीने भाकरीचा तुकडा मोडला. "म्हंजी आज डोंगर सुटणार."

"मग चला की!"

"जाऊ. जेवून तर घेऊ." नवऱ्याला सगळं कळत होतं. फक्त भीती वाटत नव्हती. शेजारच्या ओट्यावर तांदूळ निवडणाऱ्या यसूकाकीनेही डोंगराकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा सुपात मान घातली.

वर दगड घरंगळू लागले. हौसाने तान्ह्याला छातीशी बांधलं आणि मंजीचा हात ओढला. लेकीने दाराची चौकट घट्ट धरली.

"थांब ना आई, बघू दे कसा येतो ते."

हौसाने तिच्या थोबाडीत मारली. पुन्हा मारली. मंजी कळवळून रडली, पण तिने चौकट सोडली नाही. तिला आता आईचीही भीती वाटत नव्हती.