बर्नर पेटला

दुपारच्या सामसुमीत दाराची कडी वाजली आणि माझी छोटी झोपेतून उठली. तिच्या गालावर उशीची घडी उमटली होती. दारात धाकटे दीर उभे होते, मागे त्यांचा टेम्पो.

"वहिनी, हट्ट सोडा. गरम पाण्याचं तुमचं मशीन आता गार पाण्याचंच झालंय. बर्नर गेला. भंगारात देऊन मोकळे होऊ."

मशीन गेलं की आमचं गाड्या धुण्याचं दुकान बंद.

"तासभर थांबा, भाऊजी. नाही पेटला, तर मलाही टेम्पोत घाला."

बर्नरच्या टाकीतलं सगळं डिझेल मी डब्यात काढलं. तळाला साचलेलं पाणी फेकून टाकी फडक्याने कोरडी केली. फिल्टर नवा घातला, डिझेल फवारणारं काजळलेलं नोझल साफ केलं, ठिणगी पाडणाऱ्या दोन टोकांमधलं अंतर पट्टीने नीट लावलं. मग श्वास रोखून बटण दाबलं.

ठिणगी कडकडली आणि धप्पकन बर्नर पेटला! पाइपच्या तोंडातून वाफाळतं पाणी उसळलं.

"मानलं वहिनी तुम्हाला!" भाऊजींनी कोपरापासून हात जोडले आणि रिकामा टेम्पो घेऊन गेले. मी छोटीला कडेवर घेऊन गरागरा फिरले. कित्येक महिन्यांत एवढी हसले नव्हते.

अर्धा तास झाला. काचेआडची ज्योत जराही हलत नव्हती. धूर नव्हता, वासही नव्हता.

छोटी डब्याशी जाऊन उभी राहिली. डबा काठोकाठ भरलेला होता.

"आई, हे टाकीत कधी ओतायचं?"